ऐंशी पावलांवरची अक्षरं

रविवार, १६ फेब्रुवारी

ही वही कोरी नाही. पहिली अकरा पानं गेल्या वर्षीची आहेत, सगळी लेन्सांची. कुठली किती लांब, किती जड, कडेला रंग फुटतो का, खाऱ्या हवेत आत बुरशी धरेल का. भिंगरीसाठी लिहिली होती. भिंगरी म्हणजे आमची मुलगी. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसली असेल तर शपथ, म्हणून हे नाव. मोठी होऊन समुद्रकाठी पक्ष्यांची नोंद ठेवायच्या नोकरीला लागली. सुरय नावाचे पांढरे समुद्रपक्षी असतात, त्यांच्या पायात अक्षरं कोरलेलं पिवळं प्लास्टिकचं कडं घालायचं आणि पुढच्या वर्षी कोण परत आलं ते कडं वाचून टिपायचं. ती त्याला वाळा म्हणायची.

गेल्या वर्षी जानेवारीत म्हणाली, "बाबा, मला एक लांबची लेन्स बघून द्या ना. तुम्हाला काच कळते." चौतीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, कळतेच. मी शोधायला लागलो. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. प्रत्येक लेन्समध्ये मला काही ना काही खोट दिसायची. बावीस मेला ती आपली जुनी आखूड लेन्स घेऊन घरट्यांच्या खडकावर गेली आणि तिथून लाटेनं तिला नेलं.

आज बारावं पान सुरू करतो. लेन्स घ्यायची आहे. आता माझ्यासाठी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कशासाठी घ्यायची ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मीच मला शेंडी लावायला नको.

त्या खडकाच्या अलीकडे दगडी धक्का आहे. धक्क्यावर लाट चढत नाही. तिथून घरटी ऐंशी पावलं, असं भिंगरीच फोनवर सांगायची. लांब लेन्सनं धक्क्यावरून कड्यावरची अक्षरं वाचता येत असतील, तर पोरीला खडकावर पाऊल ठेवायची गरज नव्हती. ती गेली ती माझ्या चोखंदळपणापायी. वाचता येत नसतील तर नाही. एप्रिलच्या शेवटी सुरय येतील. तिनं शेवटचं कडं घातलं त्या पक्ष्याचा नंबर के ७. तो परत आला तर त्याचंच वाचायचं.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही म्हणजे माझी बायको. भाजी निवडत होती, हात थांबला. म्हणाली, "त्या लेन्सचं मला तुम्हाला कधीपासून एक—" मी म्हटलं, तुला काचेतलं काय कळतं. मग पुन्हा भाजी निवडायला लागली. मोकळेपणानं लिहायचं तर तिला या कशातच रस नाही. नऊ महिने झाले, माझ्यासमोर एकदा धड रडलीही नाही.

रविवार, २ मार्च

रविवारी सकाळी दहाला भिंगरीचा फोन यायचा. पूर्वी मी 'कशी आहेस, जेवतेस ना वेळेवर' एवढं विचारून फोन हिच्या हातात द्यायचो. मला फोनवर बोलता येत नाही, समोर माणूस नसलं की शब्दच सुचत नाहीत. पण लेन्सचं निघालं आणि मला कंठ फुटला. तासतासभर बोलायचो. ही मागून खुणा करायची, आता मला द्या म्हणून, मी देत नसे.

आता दहा वाजले की घरात बसवत नाही. ही तर आतल्या खोलीत जाऊन दारच लावून घेते. अर्ध्या तासानं येते तेव्हा चेहरा धुतलेला असतो. आज सकाळीही स्वयंपाकघरातल्या प्लगला कसलासा बारका लाल दिवा जळत होता. दर रविवारी असतो. कशाला वीज जाळतेस, म्हणून मी बंद केला. हिनं येऊन पुन्हा लावला.

बुधवार, १२ मार्च

कॅमेरावाल्याकडे गेलो. हा माणूस माझ्याच वयाचा, केस काळे करतो आणि मला काका म्हणतो. म्हणाला, समुद्रपक्षी काढायचेत ना काका, मग ही घ्या, हलकी, जवळ-लांब सगळं होतं, हातात धरून उडता पक्षी टिपता येतो. मी म्हटलं, मला उडता पक्षी नको, उभा पक्षी हवा, आणि अख्खा पक्षीही नको, पाय हवा. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं, बोटाच्या पेरापेक्षा लहान अक्षरं ऐंशी पावलांवरून वाचायची आहेत. असं गिऱ्हाईक आपल्याला प्रथमच भेटलं म्हणाला.

मग खरं बोलणं सुरू झालं. जवळ-लांब होणाऱ्या लेन्समध्ये आत काचांचे बरेच थर फिरतात, शेवटच्या टोकाला चित्र जरासं मऊ, पुसट पडतं, हे मी गेल्या वर्षीच पान चारवर लिहिलंय. एकाच लांबीची, सहाशे मिलिमीटरची लेन्स चोख, पण वजन एवढं की मांडीवर घेऊन बसलो तर तान्हं मूल घेतल्यागत वाटलं. मागे लांबी वाढवायचा छोटा तुकडा लावला की आठशे चाळीस होतात. तो लावला की उजेड कमी येतो. उजेड कमी आला की शटर हळू करावं लागतं आणि शटर हळू केलं की वाऱ्यानं सगळं हलतं. म्हणजे इकडून झाकावं तर तिकडून उघडं पडतं.

तीन तास बसलो. कॅमेरावाल्यानं विचारलं, "मुलाबाळांसाठी घेताय का?" मी म्हटलं, हो.

गुरुवार, २७ मार्च

घेतली. सहाशेची, वापरलेली. मागून टॉर्च मारून पुढून डोळा लावला. वापरलेल्या काचेत बुरशी धरली असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, समोरच्या उजेडात लपत नाही. स्वच्छ होती. गेल्या एप्रिलमध्येही अशीच एक स्वच्छ लेन्स मिळाली होती, पान दहा. तिच्या कडेला केसाएवढा चरा होता म्हणून मी नको म्हटलं. चऱ्यानं फोटोत काही फरक पडत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रविवार, ६ एप्रिल

आज परीक्षा घेतली. दुकानात पिवळ्या फ्रेमचा एक तुकडा पडला होता. त्यावर सुईनं 'के ७' कोरलं, काळा रंग भरला आणि पेन्सिलीला गुंडाळून कडं केलं. गल्लीच्या टोकाला कुंडीत पेन्सिल खोचली आणि ऐंशी पावलं मोजून ट्रायपॉड लावला. सकाळचे सात वाजले होते, गार, वारा नाही. गिऱ्हाइकाला तक्ता वाचायला लावतो तसा मी स्वतःलाच लावला.

के ७. अगदी स्पष्ट. सातच्या शेपटीला माझी सुई घसरली होती, तीही दिसली.

म्हणजे वाचता आलं असतं. म्हणजे मीच.

गल्लीतल्या पायरीवर बसून राहिलो. ही चहा घेऊन आली आणि विचारलं, काय दिसलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "गल्ली म्हणजे समुद्र नव्हे. आणि भिंगरीची पिशवी कुठे सापडली ते विसरलात का?" मी म्हटलं, पिशवी सापडली वरच्या खडकावर, कोरडी, चेन लावलेली, तुझ्या कपाटावर ठेवली आहेस, मला सगळं पाठ आहे, उगाच डोकं खाऊ नकोस. कप तिथेच ठेवून आत गेली. मी फार वाईट बोललो.

बुधवार, ९ एप्रिल

कपडे शिवणाऱ्या बाई चष्मा परत घेऊन आल्या. म्हणे सुईत दोरा जात नाही, डोकं दुखतं. तपासला तर उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे. चौतीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. बाई चिडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, तुम्ही आठ दिवस दुकान बंद ठेवा. सगळं गाव मला वेडा झालेला समजतं की काय कोण जाणे.

बुधवार, २३ एप्रिल

पहिल्यांदा धक्क्यावर गेलो. बसचे दोन तास. ती गेल्यापासून इकडे आलो नव्हतो. खरं तर ती होती तेव्हाही आलो नव्हतो. चार वर्षं बोलवत होती, या ना बाबा, पक्षी दाखवते. मी म्हणायचो, दुकान कोण बघेल. आज दुकानाला कुलूप लावून आलो, आणि दुकानाचं काहीही बिघडलं नाही.

सुरय अजून आले नाहीत. वाऱ्यानं ट्रायपॉड थरथरतो. हलका म्हणून घेतला होता, तोच हलकेपणा नडला. पायांच्या मध्ये वाळूची पिशवी टांगली, थोडा थांबला. पक्षीवाले सर भेटले, भिंगरीचे वरिष्ठ. हातात हात घेऊन उभे राहिले. मी त्यांना घाईघाईनं लेन्सबद्दल सांगायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

घरी येऊन थरथरीचं बोललो. तर हिनं लेन्सच्या मापाची जाड कापडी उशी शिवली, आत तांदूळ भरले. धक्क्याच्या कठड्यावर ठेवून वर लेन्स टेकवायची, म्हणाली. नेमकी हवी तशी झाली आहे. हिला हे कसं सुचलं? विचारलं तर म्हणाली, "एकदा शिवली होती मी अशी, लहान." कुणासाठी ते मी विचारलं नाही.

बुधवार, ३० एप्रिल

आले. शंभर-सव्वाशे असतील. काळी टोपी घातलेली पांढरी माणसं भांडत असावीत असा कलकलाट. पहाटे पोचलो तर सूर्य समोरून, खाडीपलीकडून वर येतो, सगळे पक्षी काळे, कडं कसलं दिसतंय. ऊन वर चढेपर्यंत थांबलो. साडेआठला एकाच्या पायात पिवळं दिसलं. फोटो मोठा करून बघितला तर अक्षरं पाण्यात पडल्यासारखी. के असेल, आर असेल, काहीही असेल.

फोकस चुकला असणार.

बुधवार, ७ मे

फोकस चुकलेला नव्हता. आज मागचा तुकडा काढून बघितला, शटर वाढवून बघितलं, उशी ठेवून, उशी काढून, श्वास रोखून. चारशे बारा फोटो. आता अर्धे पक्षी अंड्यांवर बसलेत, म्हणजे पायच दिसत नाहीत. जोडीदार आला की बसलेला उठतो, तेवढेच दोन-तीन क्षण कडं दिसतं. आणि तेव्हाही अक्षरं नाचतात. खडकाची बाजूच नाचते. संध्याकाळी ऊन माझ्या पाठीशी आलं तरी तेच.

लेन्स घरी नेऊन पुन्हा टॉर्च मारला. काच चोख आहे. मग काय खोटं आहे?

बुधवार, १४ मे

सर येऊन शेजारी बसले. ओहोटी होती. म्हणाले, "के ७ आलाय. सोमवारी वाचला मी. पंधरा पावलांवरून, ओल्या वाळूत पालथं पडून, साध्या दुर्बिणीनं."

मी म्हटलं, मला इथून वाचायचंय.

म्हणाले, "इथून कुणालाच वाचता येत नाही. खडक तापतो, पाणी गार, मधली हवा उकळल्यासारखी हलते. तिला कुठली लेन्स सरळ करणार? आम्ही याच्यापेक्षा मोठी लावून बघितली आहे. तीन वर्षांपूर्वी. तुमची पोरगीच होती माझ्याबरोबर."

तापलेल्या रस्त्यावर हवा हलताना मी लहानपणापासून बघतोय. काचेतून उजेड कसा वाकतो ते लोकांना समजावून सांगण्यात माझा जन्म गेला. आणि हवेतूनही तो वाकतो हे ऐंशी पावलांच्या मध्ये मला दिसलं नाही. गल्लीतली परीक्षा गार सकाळी, गार फरशीवर घेतली मी. एवढा मोठा गाढवपणा.

मला राग आला. विचारलं, मग तीन आठवडे मला इथे उभं का राहू दिलंत? सर म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला नुसतं इथे उभं राहायचंय."

म्हणजे लेन्स मिळाली असती तरी ती खडकावरच गेली असती. मी निर्दोष सुटलो. हलकं वाटायला हवं होतं. बसमध्ये इतका रडलो की शेजारच्या बाई उठून पुढे जाऊन बसल्या. दोष होता तोवर भिंगरीसाठी काहीतरी करायचं बाकी होतं. आता काय करू?

रविवार, १८ मे

चार दिवस नुसता दुकानात जाऊन येत होतो. आज दहा वाजता ही उठून आत निघाली तेव्हा मी म्हटलं, जाऊ नकोस, आणि सरांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मग स्वयंपाकघरात गेली, लाल दिव्याच्या डबीतून एक बॅटरी काढली, कपाटावरची पिशवी खाली घेतली आणि भिंगरीचा कॅमेरा माझ्यासमोर ठेवला. वर्षभर दर रविवारी ही ती बॅटरी चार्ज करते आणि दार लावून फोटो बघते. आणि मी तिला विजेचं सांगत होतो. पिशवीत तांदळाची एक छोटी उशीही होती, वाळू लागलेली.

शेवटचा फोटो के ७ चा. अंड्याशेजारी उभा. अक्षरं सोडाच, पायावरचे खवले मोजावेत एवढा स्पष्ट. वेळ सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. जिला मी पहिल्या पानावर 'निरुपयोगी, बदलावी' असं लिहिलंय त्या आखूड लेन्सनं काढलेला.

ही म्हणाली, "यानंतर फोटो नाही. काम झालं होतं तिचं. कॅमेरा पिशवीत घालून, चेन लावून, वर ठेवून मग उतरली ती खाली. हात धुवायला असेल. नाहीतर उगीचच. लेन्सचा काही संबंध नव्हता हो."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस. तर म्हणाली, वर्षभर सांगायला बघतेय, तुम्ही दर वेळी म्हणता तुला काचेतलं काय कळतं. ते खरंच आहे. याच वहीत लिहिलेलं आहे.

मग बराच वेळ कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. मला वाटलं संपलं बोलणं.

"अजून एक आहे," म्हणाली. "तिला लेन्स नको होती. गेल्या वर्षी मार्चमध्येच सांगितलं होतं मला. म्हणाली, आई, बाबांना बोलू नकोस. माझी लेन्स मला पुरते. पण लेन्सचं काढलं की बाबा तासभर बोलतात माझ्याशी. एरवी फोन तुझ्याकडे देतात. म्हणून मीच प्रत्येक वेळी काहीतरी खोट काढते, लवकर संपू नये म्हणून."

पान दहावरच्या चऱ्याचं मी तिला फोनवर सांगितलं होतं. तीच म्हणाली होती, "छे, चरा असलेली नको बाबा, अजून बघा."

मी तिला नको असलेल्या लेन्सा शोधत होतो आणि ती मला शोधत होती. हे मला कळलं नाही. साठीला आलो, लोकांना बघायला शिकवतो, आणि माझ्या पोरीला माझ्याशी बोलायचं होतं एवढं मला दिसलं नाही. फोनवर शब्द सुचत नाहीत म्हणे. पक्ष्यांचं विचारायचं, त्यांच्या वाळ्यांचं विचारायचं, काहीही विचारायचं. एकदा बसमध्ये बसायचं आणि जायचं.

ही रडली. मीही. वर्षात पहिल्यांदा एका खोलीत रडलो.

गुरुवार, २२ मे

दुकान बंद. दोघंही धक्क्यावर जाऊन आलो. मोठी लेन्स नेली नाही. के ७ कुठला ते कळलं नाही, सगळे सारखेच दिसत होते. ही म्हणाली, ती सांगायची तसाच कलकलाट आहे.

रविवार, २५ मे

सकाळी हिनं बॅटरी चार्जिंगला लावली. दहा वाजले. ही आत गेली नाही, समोर येऊन बसली. दोघंही फोनकडे बघत होतो, बघायचं नाही असं ठरवूनसुद्धा.

मग म्हणाली, "काय सांगायचात तिला तासभर? मला कधी नीट ऐकूच आलं नाही. मी नुसती खुणा करत असायची."

मी वही उघडली. बाराव्या पानापासून नाही, पहिल्यापासून. वाचायला लागलो. पहिली लेन्स, लांबी एवढी, वजन एवढं, कडेला जांभळा रंग फुटतो, समुद्रावर चालणार नाही. यावर भिंगरी म्हणाली होती, जांभळा का फुटतो बाबा, आणि मी तिला अर्धा तास समजावलं होतं. हिनंही तेच विचारलं. मी समजावलं. दुसरी लेन्स. तिसरी. प्रत्येकीपाशी ती काय म्हणाली होती ते आठवत होतं, सगळं आठवत होतं, तिचं हसणंसुद्धा.

सहाव्या लेन्सपाशी माझा आवाज गेला. हिनं वही माझ्या हातातून घेतली आणि पुढचं वाचायला लागली. माझं अक्षर तिला लागत नाही, अडखळत वाचत होती. चुकेल तिथे मी सांगत होतो.